बारा मेंढरं, दोन लेकरं

राजुरीच्या शिवारात, ओढ्याच्या अंगाला पाच-सहा घरांची वस्ती आहे. त्या वस्तीत संसाराचा काही पेच पडला की बायका नंदाकडे यायच्या. नंदा सातवी शिकलेली. पण दुधाच्या पगाराचं काय करायचं, दिवाळीच्या महिन्यात भिशी उचलायची की नाही, पोराला पुस्तकं नवी घ्यायची की शेजारच्या थोरल्या पोराची मागून आणायची, यावर तिचं मत इतकं पक्कं असायचं की समोरच्या बाईला मान हलवण्याखेरीज दुसरं काम उरायचं नाही. किराणा महिन्याचा एकदम भरा, दर आठवड्याला दुकानात गेलात की हात सैल सुटतो. औषधाचे पैसे औषधालाच, पाहुणे आले तरी त्यातून चहा-साखर आणायची नाही. आणि सगळ्यांत शेवटी बोट उगारून सांगायची, "पोराच्या नावानं ठिवलं, त्याला हात लावायचा न्हाई. काय बी हू द्या. न्हाई म्हंजी न्हाई."

बायका हो म्हणायच्या आणि घरी जायच्या. असं बोट उगारून बोलणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात काय चाललंय, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. निदान एकीनं तरी विचारायला हवं होतं.

नंदाचा नवरा दादाभाऊ मेंढरं राखतो. त्याच्या घरात एक जुनी रीत होती. पोराच्या बारशाला, मग ते मुलगी असो की मुलगा, एक मादी कोकरू त्याच्या नावानं काढायचं. ब्लेडनं कानाला खूण करायची आणि वर हळद दाबायची. पुढं त्या मेंढीला ज्या माद्या होतील त्यांच्याही कानाला तीच खूण. ती सगळी त्या पोराची. शिक्षण असो, लग्न असो, जे मोठं काम निघेल त्याला ती मोडायची. आणि आपली खूण कुठली, हे पोर जाणतं झालं की आईनं त्याच्या कानात सांगायचं. तिसऱ्या माणसाला सांगायचं नाही, पाठच्या भावंडालासुद्धा नाही. नजर लागते.

थोरली रत्ना. तिची खूण डाव्या कानाच्या शेंड्याला, खाच. तिच्या पाठीवर दोन वर्षांनी स्वराज झाला. त्याची उजव्या कानाला, खालच्या कडेवर चीर. खुणा नंदाच करायची. तिचा हात असा हलका की कोकरू एकदाच बें करायचं आणि आईकडे पळायचं.

पहिला घाव बसला तो सासूच्या पडण्यानं. तुकाबाई धुण्याच्या दगडावरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा रत्ना नऊ वर्षांची होती. ऑपरेशन करायचं तर पैसे त्याच दिवशी हवे होते, आणि विकण्यासारखं घरात जे होतं ते रत्नाचं होतं. पाच मेंढरं गेली. यात नंदाला कुणी नाव ठेवू नये. सासू अंथरुणात कण्हत असताना कोण सून खुणा बघत बसेल?

चूक झाली ती नंतर. रविवारी रत्ना वाघरीत शिरली (वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी) आणि मेंढरांचे डावे कान चाचपत फिरायला लागली. "आये, माझ्या कुठं गेल्या गं?" नंदाच्या तोंडून खरं निघालं नाही. "चरायला लांब हायेत तुझ्या, उद्या येतील," एवढं ती बोलली. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेल्यावर तिनं स्वराजच्या तीन मेंढ्या धरल्या, त्यांच्या डाव्या कानाला खाच पाडली आणि हळद लावली. संध्याकाळी रत्ना हरखली. "पण हिच्या उजव्या कानाला काय झालंय?" "ती घराची खूण. आपल्या वाड्याची," नंदा म्हणाली. किती सोपं गेलं ते! खरं सांगायला तिला अर्धा दिवस लागला असता आणि शब्द सापडले नसते. खोटं एका दमात निघालं.

मनात मात्र तिनं ठरवलं होतं, हे एवढ्या वर्षापुरतंच. पुढच्या वेताला कोकरं होतील, ती रत्नाच्या नावानं सोडू, म्हणजे फिट्टंफाट.

पुढच्या वर्षी दादाभाऊची मोटारसायकल आळेफाट्याच्या रस्त्यावर घसरली आणि त्याच्या पायात रॉड बसला. त्या वेळी स्वराजची मेंढरं गेली, आणि स्वराजनं विचारायच्या आधीच नंदानं रत्नाच्या मेंढ्यांच्या उजव्या कानाला चीर पाडली. त्याला सांगितलं, डावी ती घराची खूण. मग एका पावसाळ्यात रोगानं कोकरं मेली. दोन मेंढ्या बिबट्यानं उसात ओढल्या. दर वेळी नंदाच्या हातात ब्लेड आलं आणि दर वेळी लेकरांची मेंढरं लेकरांपुरती पुरी भरली. घर भलत्याच तऱ्हेनं बरकतीला आलं होतं. विकलं तितकं परत उगवत होतं, नुसत्या हळदीवर.

आता वाघरीत साठ-सत्तर मेंढरं दिसत, पण ती धाकट्या दिराची, सोमाजीची. त्याची राखण दादाभाऊ वाट्यानं करायचा. यांची स्वतःची म्हणून उरली होती बारा. त्या बाराच्या बारांचे दोन्ही कान कापलेले होते, आणि साठ-सत्तरांच्या गर्दीत दोन्ही लेकरं त्याच बारांना आपापली म्हणून मोजत.

रत्ना बारावीला चांगले मार्क घेऊन निघाली. तिला नर्स व्हायचं होतं. हे वेड आजीच्या ऑपरेशनपासूनचं. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं तिला सलाइनची बाटली धरायला दिली होती, तेवढ्यावर पोरीनं आयुष्य ठरवून टाकलं. कॉलेजातल्या तेजस्विनी मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, बाहेरगावी नंबर लागला तर वसतिगृहाच्या खर्चाला मदत मिळते, उत्पन्नाचा दाखला काढ आणि फॉर्म भर. रत्ना घरी येऊन बोलली. नंदा ओट्यावर भाकरी थापत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "ते कुणाला असतं?"

"ज्यांच्याकडं काही न्हाई त्यांना."

"मग तुला कशाला? तुझी बारा मेंढरं हायेत. आपुन कुणाफुडं हात पसरायचा न्हाई."

खरं सांगायची वेळ तीच होती. दाखला, फोटो, दोन सह्या, एवढंच काम होतं. पण तो फॉर्म भरायचा तर आपल्याकडं काही नाही असं लेकीसमोर म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणण्यापेक्षा नंदानं पुढची भाकरी थापायला घेतली. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या यादीत आपल्या नावापुढं रत्नानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'गरज नाही'. लिहिताना तिला अभिमान वाटला, हे तिनं घरी येऊन सांगितलंसुद्धा. त्या रात्री नंदाला भाकरी गेली नाही.

फॉर्मची तारीख उलटली. जुलैच्या एका शनिवारी रत्नाच्या मोबाइलवर मेसेज आला, नंबर लागला. मंगळवारी दुपारपर्यंत फी आणि वसतिगृह मिळून एक लाख दहा हजार भरायचे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. रत्नानं आजीला उचलूनच घेतलं. सोमाजी ओसरीवर बसला होता. त्यानं तंबाखू मळत मळत सांगितलं, "पैसं भरलं तर बेस. न्हाईतर म्हातारीच्या म्हायेरचं स्थळ आलंय हिला, ते हायेच. पोरगं सिन्नरला कंपनीत हाये. लई दिवस थांबायचं न्हाईत ते लोक." रत्ना हसली. "काका, माझी बारा मेंढरं हायेत."

नंदा आत गेली आणि पाण्याच्या हंड्यापाशी उभी राहिली. तहान नव्हती. स्वराजही त्याच उन्हाळ्यात दहावी झाला होता. त्याला डिप्लोमाला जायचं होतं, आणि त्याची यादी पुढच्याच आठवड्यात लागणार होती. त्याच्याही तोंडी गेले दोन महिने तेच चाललं होतं, आये, माझी बारा हायेत ना.

दोघांची वेळ एकदम येईल, हे काही नंदाला कळत नव्हतं असं नाही. दोन वर्षांचं अंतर आणि दहावी-बारावी, बोटावर मोजता येतं. पण माणूस ज्या गोष्टीला भितो तिचा हिशोब करत नाही. ती नुसती म्हणत राहिली, होईल काहीतरी, दोन वेतं आहेत अजून. वेतं आली, आणि नरच झाले.

रविवारी दुपारी तिनं जमेल तिथं शब्द टाकून पाहिला. माहेरी फोन केला. भाऊ म्हणाला, "आक्के, आदी सांगितलं असतं तर कांद्याचं पैसं मोडलं नसतं." भिशीच्या बायकांकडे गेली, तर ज्यांना तिनं इतकी वर्षं सल्ले दिले होते त्यांतली भागू म्हणाली, "नंदाताई, तुमीच सांगितलं ना, भिशी मधीच फोडायची न्हाई म्हणून. आन् तुमाला काय कमी हाये?" भागूच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच तसं वाटत होतं. आणि त्यानंच नंदाला जास्त लागलं. आपण सगळ्यांना दाखवलेलं घर आणि आपण राहतो ते घर, दोन वेगळी घरं आहेत, हे तिला भर उन्हात, भागूच्या अंगणात उभं राहून उमगलं.

परतली तेव्हा पाच वाजले होते, आणि वाघरीपाशी उशीर झालेला होता.

रत्ना आत शिरून मेंढरं निवडत होती. सकाळी बेल्ह्याचा बाजार, म्हणून आपली वेगळी करून ठेवू म्हणाली होती. दादाभाऊ काठीवर भार देऊन उभा. स्वराज मेंढरं अडवायला आला होता, आणि त्यानं एक काळ्या तोंडाची मेंढी रत्नाच्या हातातून सोडवून घेतली.

"ताई, ही नको. ही माझी हाये."

"तुझी कशी? डावा कान बघ की."

"डावी घराची खूण हाये. माझी उजवी." एवढं बोलून स्वराजनं जीभ चावली. खूण सांगायची नसते.

रत्ना थांबली. "उजवी घराची," ती सावकाश म्हणाली.

तिनं दुसरी मेंढी ओढली. मग तिसरी. स्वराजनं चौथी धरली. दोघंही एकामागून एक कान बघत सुटले. बाराव्या मेंढीपाशी दोघांचे हात एकाच वेळी पोचले, आणि दोघांनी एकदमच मान वळवून आईकडे पाहिलं.

नंदाला वाटलं, आत्ता या जमिनीनं मला घ्यावं. ती वाघरीच्या दोरीला धरून खाली बसली आणि सांगायला लागली. आजीचं हाड, दादांचा पाय, बिबट्या, रोग. कुठल्या वेळी कुणाची गेली, कुठल्या वेळी कुणाच्या कानाला हात लावला, सगळं. बारीकसारीक सगळं पाठ होतं तिला, कारण इतकी वर्षं तिनं ते रोज मनात घोकलं होतं. आजीच्या औषधासाठी विकली म्हणून लेकरं रागावली नसती, हे सांगता सांगताच तिला दिसत होतं. एवढी वर्षं ती ज्याला भीत होती, ते मुळात भिण्यासारखं नव्हतंच. आता मात्र होतं.

तिनं दादाभाऊकडे पाहिलं. "तुमाला तरी ठावं व्हतं का?"

"मेंढरू मी तोंडावरनं वळखतो, नंदे. कानावरनं न्हाई," दादाभाऊ म्हणाला. "पैल्या दिवसापास्नं ठावं हाये."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? माझ्याच पायापायी गेली निम्मी. तू खुणा करायची तवा मलाबी वाटायचं, हुतील परत."

रत्ना रडली नाही. रडली असती तर नंदानं तिला जवळ घेतलं असतं. ती फक्त म्हणाली, "आये, मी त्या यादीत गरज न्हाई असं लिव्हलं. माझ्या हातानं लिव्हलं. तू भाकरी थापीत व्हतीस. तवा नुसतं न्हाई गं बाई, काई न्हाई आपल्याकडं, एवढं म्हणाली असतीस ना..."

"मग आता कुणाची धरायची?" स्वराजनं विचारलं. तो मेंढीला अजून धरूनच होता.

दादाभाऊनं काठी टेकली. "हे मी न्हाई ठरवायचा. खुणा तुझ्या आईनं केल्या. तीच सांगंल."

सगळ्या जन्मात नंदानं इतक्या बायकांना इतकं सांगितलं, पण असं कुणी कधी विचारलं नव्हतं. दोन लेकरं समोर उभी आहेत आणि एकाच्या तोंडातला घास काढून दुसऱ्याला द्यायचाय, कसा देतात? ती दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. पोरगं एक वर्ष थांबू शकेल. थांबलं तरी ते घरात राहील, शिकायची वाट अगदीच बंद होणार नाही. पोरगी थांबली तर दिवाळीनंतर सिन्नरला जाईल, आणि मग तिला काय व्हायचं होतं हे कुणाला आठवणारही नाही. विचार सरळ होता. पण तो तोंडातून काढताना तिला वाटलं, आपण स्वराजला आपल्या हातानं वाघरीबाहेर काढतोय.

"रत्नाची," ती म्हणाली.

स्वराजनं मेंढीवरचा हात काढला. भांडला नाही, आदळआपट केली नाही. वाघरीतून बाहेर पडला, दोरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाराही मेंढरं त्यानंच एकेक उचलून पिकअपमध्ये चढवली. रत्नानं एकदा म्हणून पाहिलं, "स्वराज, राहू दे, मी न्हाई जात." तो म्हणाला, "सरक ताई, पाय अडकंल तिचा."

आखाड चालू होता, त्यामुळे बेल्ह्याच्या बाजारात भाव बरा लागला. नशीब म्हणायचं तर एवढंच. सावळेराम नावाच्या व्यापाऱ्यानं कान बघून विचारलं, "ह्या कानांचं काय क्येलंय बाई तुमी? दोन्हीकडनं?" नंदानं मेंढीचा कान त्याच्या हातातून सोडवला. बारांचे मिळून एक लाख बारा हजार आले. आखाड संपायच्या आत यातलं एकही मेंढरू उरणार नाही, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं त्यांच्याकडे पाठ करून पैसे घेतले.

मंगळवारी अकरा वाजता कॉलेजच्या खिडकीत पैसे भरले. पावती रत्नानं घेतली. वसतिगृहाच्या दारात तिनं आईच्या पाया पडून विचारलं, "फुडच्या वर्षाचं काय?" सवयीनं नंदाच्या ओठावर आलं, हायेत की, तू कशाला काळजी करतीस. ते तिनं गिळलं. "काय न्हाई गं," ती म्हणाली. "एक रुपाया न्हाई." रत्नानं मान डोलावली. "मग त्या मदतीचा फॉर्म दुसऱ्या वर्षाला तरी चालतो का ते मी आज हितंच इचारते." ती वळून आत गेली आणि नंदा एकटी एसटीत बसली. आळेफाट्यापर्यंत तिचे डोळे सारखे भरत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "लेक सासरी घातली काय?" ती हो म्हणाली. समजावून सांगायची ताकद नव्हती.

स्वराजची यादी लागली, त्यात त्याचं नाव होतं. त्यानं ते आईला सांगितलं नाही, तुकाबाईला सांगितलं. म्हातारी दोन दिवस तोंड झाकून पडून राहिली. "माझं हाड मोडलं तवाच मी जायला पायजे व्हते," एवढंच ती म्हणायची. शनिवारपासून स्वराज वस्तीवरच्या एका पोराच्या मागं बसून नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलायला जायला लागला.

पहिल्या दिवशी तो दिवेलागणीला आला. खांद्यावर सालपट निघालं होतं. हातपाय धुतले, आणि नंदा चुलीपुढं बसली होती तिथं येऊन उकिडवा बसला. खिशातून नोटा काढल्या. पाचशेची एक आणि शंभराची एक. आठवडाभर तो आईशी कामापुरतं बोलत होता, त्यामुळे नंदाचा जीव नुसत्या त्या बसण्यानंच भरून आला. तिनं पदरात हात पुसून पुढं केला.

स्वराजनं नोटा लगेच दिल्या नाहीत.

"आये, ह्यातलं माझं किती, ते आत्ताच सांग."

नंदाच्या तोंडात तयार होतं. समदं तुझंच हाये, राजा. तुझ्या नावानं वेगळं ठेवते. फुडल्या साली डिप्लोमाला जाशील. ती तसं म्हणाली असती तर पोरगं हसलं असतं, कुशीत नसतं आलं, पण हसलं असतं नक्की. आठ दिवसांत घरात कुणी हसलेलं नव्हतं.

"ज्वारी संपलीय," ती म्हणाली. "आजीच्या गोळ्या सोमवारपास्नं न्हाईत. ताईची खानावळ म्हैन्याला भरायची हाये."

"आन् माझं?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती उलटायला नंदाचा हात उठला नाही.

"काईच न्हाई," ती म्हणाली.

स्वराजनं तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, ती खरं बोलतेय का हे ताडत असावा तसं. मग दोन्ही नोटा तिच्या हातावर ठेवल्या, पुढं वाकून भाकरी उलटली आणि ताट घ्यायला उठला.